पॅन्क्रियाजचा एमआरआय आणि डायबेटिस: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की कॉन्ट्रास्ट (म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआयमध्ये पॅन्क्रियाजमधली, म्हणजे स्वादुपिंडातली, सूज आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम बघायचे प्रयोग बाहेरच्या देशांत बरीच वर्षं चालू आहेत. तेवढ्यावरून पत्रं आणि मेल यायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, पोटाचे एमआरआय रोज बघते, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा वाटतो आणि त्यात काय चाललंय ते सांगायला मला आवडतं. पण काही पत्रांमध्ये लोक स्कॅनसाठी पैसे जमवायला निघालेत असं दिसलं, म्हणून आधी हे लिहिते: नुसता डायबेटिस आहे म्हणून पॅन्क्रियाजचा कॉन्ट्रास्ट एमआरआय रुटीनमध्ये कुठेच करत नाहीत. कुणाला करावा लागतो आणि कुणाला नाही ते पुढे उत्तरांत येईलच.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, आठ महिन्यांपूर्वी त्याला टाईप १ निघाला, रोज चार इंजेक्शनं चालू आहेत. बोस्टनला माझा मेहुणा असतो, तो म्हणाला तिथं लोखंडाचं औषध शिरेतून देऊन एमआरआयमध्ये पॅन्क्रियाजची सूज बघतात. मुलाचा आणि त्याच्या सात वर्षांच्या बहिणीचा असा स्कॅन इकडं कुठं होईल का? खर्चाचं मी बघतो. — एक वडील, सांगली

दादा, तुमचे मेहुणे सांगतायत ते खरं आहे. बोस्टनमध्ये जॉस्लिन डायबेटिस सेंटर आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या लोकांनी मिळून हे काम केलंय. टाईप १ मध्ये शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला करते, हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. हल्ला चालू असतो तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात, ज्यांचं कामच मुळी समोर येईल ते गिळायचं असतं. आता रक्तात लोखंडाचे अतिशय सूक्ष्म कण सोडले तर ते गळक्या वाहिन्यांतून बाहेर येतात, मॅक्रोफेज ते गिळतात आणि लोखंड जिथे साठलं तो भाग एमआरआयमध्ये काळपट दिसतो. म्हणून एक स्कॅन औषधाआधी आणि दुसरा औषधानंतर दोन दिवसांनी करतात, आणि दोन्हींची तुलना करून कुठे किती काळं पडलं ते मोजतात.

आधी हे उंदरांवर झालं. काही उंदरांना आपोआप टाईप १ होतो, त्यांची एक जातच आहे. त्या उंदरांत शुगर वाढायच्या कितीतरी आठवडे आधी नुसता स्कॅन बघून कुणाला पुढे डायबेटिस होणार आणि कुणाला नाही हे बऱ्यापैकी सांगता आलं, ते २०१२ मध्ये छापून आलं. माणसांमध्ये पहिले निकाल २०११ चे आणि मग २०१५ चे. २०१५ ला त्यांनी जे औषध वापरलं त्याचं नाव फेरुमॉक्सिटॉल, ते मुळात किडनीच्या पेशंटना रक्तवाढीसाठी द्यायचं लोखंड आहे. नुकताच टाईप १ झालेल्यांच्या पॅन्क्रियाजमध्ये लोखंड निरोगी माणसांपेक्षा जास्त साठलेलं दिसलं, पण सगळ्यांमध्ये सारखं नाही, आणि एकाच पॅन्क्रियाजमध्येसुद्धा कुठे जास्त कुठे कमी.

मी ते फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा खूप वेळ बघत बसले होते. कारण जिवंत माणसाच्या पॅन्क्रियाजमध्ये काय चाललंय हे कळायचा दुसरा मार्ग जवळपास नाहीच. लिव्हरची किंवा किडनीची बायॉप्सी आपण करतो, पॅन्क्रियाजला सुई लावली किंवा तुकडा काढला की त्याचे पाचक रस बाहेर येऊन भलतंच होऊ शकतं. नॉर्वेमध्ये संशोधकांनी नुकताच टाईप १ झालेल्या सहा तरुण पेशंटच्या पॅन्क्रियाजचे छोटे तुकडे त्यांच्या संमतीने काढले आणि कॉम्प्लिकेशन्स झाल्यामुळे सहावरच थांबवलं. त्या सहा जणांच्या तुकड्यांवर जगभरातले लोक अजून अभ्यास करतात, इतकी ही गोष्ट दुर्मिळ आहे. बाकी सगळं ज्ञान मृत्यूनंतर अवयव दिलेल्या माणसांकडून आलेलं.

आणि नुसत्या साध्या एमआरआयमध्ये या पेशी का दिसत नाहीत, तर साबुदाण्याचा दाणा डोळ्यासमोर आणा. पोटाच्या एमआरआयमध्ये आम्हाला दिसणारा सगळ्यात छोटा ठिपका म्हणजे साधारण तेवढा तुकडा, एक-दोन मिलिमीटर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर जाड. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, ज्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात (१८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या विद्यार्थ्याला ती बर्लिनमध्ये मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा दिसली), ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, तांदळाच्या पिठीचा कण असतो तेवढी. अशी सुमारे दहा लाख बेटं सगळ्या पॅन्क्रियाजभर विखुरलेली असतात आणि तरी सगळी एकत्र केली तर वजन एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पॅन्क्रियाजच्या शेकडा एक-दोन भाग. त्यात तो अवयव पोटात खोल, जठराच्या मागे, श्वासाबरोबर हलणारा. पिठीचे कण वेगळे दिसणार नाहीत, मग निदान ते काय करतायत त्याची खूण साबुदाण्याच्या रंगात उमटते का ते बघायचं, एवढंच कॉन्ट्रास्टच्या हातात आहे.

आता तुमच्या मुलांचं. स्कॅन करू नका असंच मी सांगेन, आणि ही स्वस्त-महागची गोष्ट नाही. एकतर हा अभ्यास गटांची तुलना करण्यासाठी आहे, एका मुलाचा स्कॅन बघून याला सूज इतकी म्हणून याचं असं करू, असं अजून कुणाला म्हणता येत नाही, कारण पेशंटचे आणि निरोगी लोकांचे आकडे एकमेकांत मिसळतात. दुसरं म्हणजे फेरुमॉक्सिटॉलने क्वचित पण जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, अमेरिकेत २०१५ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ज्या तपासणीने मुलाचं एक युनिट इन्सुलिनही बदलणार नाही तिच्यासाठी हा धोका कशाला घ्यायचा.

धाकटीसाठी मात्र काहीतरी करता येण्यासारखं आहे आणि ते साध्या रक्ततपासणीने होतं. भावाला टाईप १ असेल तर बहिणीला व्हायची शक्यता साधारण शंभरात पाच, म्हणजे ९५ वेळा काही होत नाही हे आधी मनात पक्कं करा. तिच्या ऑटोअँटीबॉडी (शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रथिनं) रक्तात बघता येतात, गॅड, आयए-टू, इन्सुलिन आणि झिंक ट्रान्सपोर्टर अशा चार मुख्य असतात. एकही नसेल तर खूपच दिलासा, दोन किंवा जास्त सापडल्या तर आजार आतल्या आत सुरू झालाय असं धरतात, अशा मुलांपैकी दहात सात जणांना दहा वर्षांत डायबेटिस दिसायला लागतो. हे आधी कळण्याचा फायदा असा की मूल बेशुद्ध होऊन आयसीयूत पोचायची वेळ येत नाही. शिवाय अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब नावाचं औषध मंजूर झालं, ज्यांना अँटीबॉडी आहेत आणि शुगर थोडी बिघडायला लागलीय अशांत ते टाईप १ साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. अशी औषधं कुणाला लागू पडली, आतला हल्ला खरंच थांबला का, हे बघायला उद्या बोस्टनचा तो स्कॅन फार कामाला येईल, त्याची खरी जागा ती आहे. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी अँटीबॉडीबद्दल बोला. आणि तुम्ही पत्रात खाली लिहिलंय की आम्ही त्याला गोड जास्त दिलं का, तर नाही दादा, टाईप १ गोड खाऊन होत नाही, तुमचं किंवा वहिनींचं यात काहीही चुकलेलं नाही.

वय ३४, सडपातळ आहे, शुगर निघाली. एक डॉक्टर टाईप १ म्हणतात, एक टाईप २. एमआरआयने कायमचा निकाल लागेल का? — एक वाचक, रत्नागिरी

नाही लागणार. टाईप १ मध्ये पॅन्क्रियाज लहान होतं हे खरं आहे, नुकतंच निदान झालेल्यांतही ते लहान असतं आणि पहिल्या वर्षात अजून आक्रसतं, अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या गटाने हे एमआरआयने मोजून दाखवलंय आणि त्याला कॉन्ट्रास्टही लागत नाही. पण निरोगी माणसांतच आकार इतका कमीजास्त असतो की एका माणसाचा आकार बघून निकाल देता येत नाही. गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाईड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी रक्ततपासणी) करा, उत्तर बहुतेक तिथेच मिळेल, आणि आईकडे किंवा वडिलांकडे पिढ्यानपिढ्या तरुणपणी शुगर होत आली असेल तर तेही सांगा, त्याचा जेनेटिक प्रकार वेगळा असतो आणि गोळीही वेगळी.

मॅडम, मी निवृत्त शिक्षक, डायबेटिस १६ वर्षं. मँगनीजचं इंजेक्शन देऊन बीटा पेशी एमआरआयमध्ये दिसतात असं वाचण्यात आलं. आमच्या तालुक्यात मँगनीजच्या खाणी, मँगनीज अंगात गेलं की हातपाय थरथरतात असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग हे विष शिरेत कसं देतात? — तुमसर, जि. भंडारा

गुरुजी, हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण तो नागपूर-भंडारा-बालाघाटच्या पट्ट्यातल्या माणसालाच सुचावा. आधी मँगनीज का, ते सांगते.

बीटा पेशीच्या आत गेलेल्या ग्लुकोजपासून ऊर्जा तयार झाली की पेशीच्या भिंतीवरचं पोटॅशियमचं दार बंद होतं (तुम्ही ग्लिमेपिराईड घेत असाल तर ती गोळीही हेच दार बंद करते), ते बंद झालं की पेशीचा विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियमचं दार उघडतं, कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पिशव्या फुटून इन्सुलिन बाहेर. मँगनीजचा आयन आकाराने आणि भाराने कॅल्शियमसारखाच, त्यामुळे ते दार त्यालाही आत घेतं. आणि मँगनीज चुंबकीय असल्यामुळे ते जिथे जातं तिथलं पाणी एमआरआयमध्ये उजळतं. म्हणजे ज्या बीटा पेशी ग्लुकोज बघून कामाला लागल्या त्या मँगनीज ओढून घेणार आणि तो भाग पांढरा होणार, मेलेल्या किंवा थकलेल्या पेशी ओढणार नाहीत. नुसती पेशी आहे का एवढंच यात विचारलेलं नसून ती काम करतेय का हे विचारलंय, आणि मला ही कल्पना फार म्हणजे फार सुंदर वाटते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये खूप ताकदीचा मॅग्नेट वापरून उंदरांमध्ये मँगनीजने एक एक बेट वेगळं दाखवलं, जे माणसाच्या स्कॅनरवर आजही शक्य नाही.

माणसांमध्ये कुठून आलं, तर मँगनीजचं एक कॉन्ट्रास्ट औषध बाजारात होतंच. मँगाफोडिपिर नाव, लिव्हरच्या गाठी बघायला वापरायचे, आणि त्यात मँगनीज मोकळं नसून एका मोठ्या रेणूच्या चिमट्यात धरलेलं असायचं, हळूहळू सुटणारं. पॅन्क्रियाजही त्याने उजळतं हे तेव्हाच माहीत होतं. जिनिव्हातल्या संशोधकांनी युक्ती केली, दुसऱ्या कारणासाठी हे औषध देऊन झालेले जुने स्कॅन काढले आणि त्यात टाईप २ चे पेशंट आणि डायबेटिस नसलेले यांची पॅन्क्रियाज ताडून बघितली, तर डायबेटिसवाल्यांची कमी उजळलेली. पेशंटला एकही जास्तीची सुई न टोचता मिळालेली ही माहिती आहे. पण नंतर ते औषधच बाजारातून गेलं, आधी अमेरिकेतून आणि २०१२ मध्ये युरोपातून, त्यामुळे हा रस्ता मध्येच अडला. शिवाय पॅन्क्रियाजच्या पाचक रस बनवणाऱ्या पेशीही मँगनीज घेतात आणि त्याच संख्येने प्रचंड, मग उजळलेल्यातलं बीटा पेशींचं किती हे वेगळं काढणं अवघड जातं.

आता तुमची भीती. ती बरोबर आहे. १८३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन कूपर नावाच्या डॉक्टरांनी मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांत चालण्याचा, बोलण्याचा आणि हातापायांचा त्रास लिहून ठेवलाय, पार्किन्सनसारखा. वर्षानुवर्षं धूळ श्वासातून जाऊन मँगनीज मेंदूच्या खोल भागात साठतं. आणि बघा, मी हे रोजच्या कामातही बघते, ज्यांचं लिव्हर पार निकामी झालंय त्यांना मँगनीज पित्तातून बाहेर टाकता येत नाही, मग त्यांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये मधोमध दोन बाजूंना दोन पांढरे डाग दिसतात, ते मँगनीजचे. तेव्हा एकदाच आणि अगदी थोडं, तेही चिमट्यात धरलेलं मँगनीज देणं आणि खाणीतली धूळ यात खूप फरक आहे, पण डायबेटिसचा पेशंट दरवर्षी तपासायचा म्हणून हे पुन्हा पुन्हा द्यायचं ठरलं तर तुमचा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा.

मी डॅलसला असते. इथल्या मेडिकल स्कूलमध्ये झिंकने इन्सुलिन दिसतं असं ऐकलं. माझ्या बाबांना (पुण्यात, टाईप २) उपयोग होईल का? — एक मुलगी, टेक्सस

बाबांना आत्ता नाही, पण तुम्ही ऐकलंत ते काम फार मोलाचं आहे. बीटा पेशीत इन्सुलिन साठवताना सहा रेणू मिळून एक गड्डी बनते आणि मधे झिंकचे दोन आयन असतात, इन्सुलिन बाहेर पडलं की झिंकही बाहेर. (वर ज्या झिंक ट्रान्सपोर्टरच्या अँटीबॉडीचं लिहिलं ना, तो हेच झिंक आत भरणारा पंप.) डॅलसमध्ये यूटी साउथवेस्टर्नला डीन शेरी यांच्या गटाने गॅडोलिनियमचा (एमआरआयच्या नेहमीच्या कॉन्ट्रास्टमधला धातू) असा रेणू बनवला की तो झिंकला धरतो, मग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटतो, जड झाल्यामुळे सावकाश फिरायला लागतो आणि सावकाश फिरणारा गॅडोलिनियम जास्त उजळतो. ग्लुकोज द्यायचं, हा रेणू द्यायचा आणि बघायचं. २०११ मध्ये उंदरांत ते दिसलं, आणि भरपूर चरबीचं खाणं देऊन ज्यांच्या बीटा पेशींवर ताण आणला होता त्यांच्यात उजळलेला भाग वाढलेला. आपल्याकडच्या टाईप २ मध्येही आधी अशीच वर्षं असतात, शुगर नॉर्मल असते पण पॅन्क्रियाज दुप्पट कष्ट करत असतं आणि कुणाला पत्ता नसतो. तो काळ दिसायला लागला तर किती घरांचं भलं होईल असं मला सारखं वाटतं. बाबांचं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) वर्षातून निदान दोनदा, आणि डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पाय वर्षातून एकदा बघून घेतले जातायत ना, ते मात्र तिकडून फोन करून आज विचारा.

पॅन्क्रियाजमध्ये छोटी गाठ पाण्याची दिसली म्हणून कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितलाय. मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड घेते, क्रिएटिनिन १.१ आहे, हातावर ग्लुकोजचा सेन्सर लावलाय. मेटफॉर्मिन बंद करू का? किडनी जाईल असं शेजारच्या काकू म्हणतात. — ठाणे

ताई, मेटफॉर्मिनची भीती सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या कॉन्ट्रास्टची आहे, तीही किडनी बरीच कमजोर असेल तेव्हाची. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम असतं, त्याच्यासाठी मेटफॉर्मिन बंद करायची गरज नसते. मला जास्त काळजी ग्लिमेपिराईडची वाटते. पोटाच्या एमआरआयला चार ते सहा तास उपाशी यायला सांगतात, पेशंट सकाळी नेहमीच्या सवयीने ती गोळी घेऊन येतात, नंबर लागेपर्यंत अजून दोन तास जातात आणि वेटिंगमध्ये बसल्या बसल्या घाम फुटून हात कापायला लागतात. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, त्या सकाळची ही गोळी कधी घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि पर्समध्ये साखर असू द्या. शुगर पडली तर उपास मोडला म्हणून स्कॅन पुढे जाईल, जाऊ दे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच.

किडनीचं असं आहे, की २००६ च्या सुमारास लक्षात आलं की ज्यांची किडनी जवळजवळ बंद पडलीय त्यांच्यात काही जुन्या गॅडोलिनियम औषधांनी कातडी आणि सांधे दगडासारखे कडक होतात. तेव्हापासून आम्ही किडनीची ताकद म्हणजे ईजीएफआर बघतो आणि ३० च्या खाली असेल तर फार विचार करूनच देतो. आता वापरात असलेल्या नव्या औषधांत गॅडोलिनियम पिंजऱ्यासारख्या रेणूत घट्ट बंद असतं, त्यांच्यात हा त्रास जवळपास दिसतच नाही. तुमच्या क्रिएटिनिनवरून वय धरून ईजीएफआर काढून घ्या आणि रिपोर्ट बरोबर न्या. सेन्सर काढून ठेवावा लागेल असंच धरून चाला, टेक्निशियनला आधी सांगा, आणि इन्सुलिन पंप असणाऱ्यांनी पंप त्या खोलीत नेऊच नये. आत श्वास रोखायला सांगतील, पंधरा-वीस सेकंद, आदल्या दिवशी घरी चार वेळा करून बघा, पॅन्क्रियाजचा फोटो चांगला येणं निम्मं त्यावरच असतं.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि फॅटी पॅन्क्रियाज आलं. वजन कमी केलं की पॅन्क्रियाज सुधारतं का? ते बघायला कॉन्ट्रास्ट लागेल का? — कोल्हापूर

कॉन्ट्रास्ट नाही लागत. चरबी आणि पाणी एमआरआयमध्ये वेगवेगळ्या सुरात वाजतात, त्या फरकावरून सुई न टोचता चरबी मोजता येते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी हे वापरून जे दाखवलं ते मी माझ्या प्रत्येक टाईप २ नातेवाईकाला सांगते. लिव्हरमधली चरबी वाढली की ती पॅन्क्रियाजपर्यंत सांडते आणि बीटा पेशी गप्प होतात, चरबी काढली तर त्यातल्या काही परत बोलायला लागतात. त्यांच्या आणि ग्लासगोच्या मोठ्या अभ्यासात कमी कॅलरीचा आहार देऊन वर्षभराने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस रेमिशनमध्ये गेला, म्हणजे गोळ्या न घेता शुगर डायबेटिसच्या पातळीखाली आली, दोन वर्षांनी ३६ टक्के राहिले. सगळ्यांचा डायबेटिस सहा वर्षांच्या आतला होता. आणि जे रेमिशनमध्ये राहिले त्यांच्या पॅन्क्रियाजचा आकार दोन वर्षांत वाढला, कडा जी वेडीवाकडी झाली होती ती पुन्हा गुळगुळीत व्हायला लागली. अवयव परत भरून येतोय हे एमआरआयमध्ये दिसणं, हे मी शिकत होते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

फक्त आपल्याकडचा हिशोब थोडा वेगळा आहे. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की आपली बाळं वजनाने कमी पण अंगात चरबी जास्त अशी जन्मतात, मोठेपणीही आपण बारीक दिसतो आणि चरबी पोटात असते. म्हणून मी बारीक आहे, माझं काय कमी करायचं, असं म्हणू नका, कंबर मोजा. तुमचा डायबेटिस किती वर्षांचा ते पत्रात नाही, दोन-चार वर्षांचाच असेल तर जोरात लागा, पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता जेवण तोडू नका.

वडील ६४ वर्षांचे, कधी शुगर नव्हती, पाच महिन्यांपूर्वी अचानक ३०० निघाली. घरात कुणाला डायबेटिस नाही. वजन नऊ किलो उतरलंय, जेवण जात नाही, पाठीत दुखतं म्हणतात. फिजिशियननी पॅन्क्रियाजचा कॉन्ट्रास्ट स्कॅन सांगितलाय. नातेवाईक म्हणतात शुगरला स्कॅन कशाला, पैसे काढायचे धंदे. तुम्हीच मागे लिहिलंत की डायबेटिसला स्कॅनची गरज नसते, म्हणून आम्ही थांबलोय. — नाशिक

थांबू नका. माझ्या लिहिण्यामुळे तुम्ही थांबला असाल तर मला फार वाईट वाटतंय, म्हणून हे उत्तर मी अंक छापायला जायच्या आधीच तुम्हाला मेलवर पाठवलं होतं, आणि इतरांसाठी इथे पुन्हा लिहिते.

पन्नाशीनंतर नव्याने डायबेटिस निघालेल्या शंभर जणांत साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत पॅन्क्रियाजचा कॅन्सर सापडतो, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हे दाखवलं. ९९ जणांना तो नसतो, म्हणून सरसकट सगळ्यांचे स्कॅन करत नाहीत. पण डायबेटिस नवा असताना वजन धडाधड उतरणं, भूक मरणं आणि पाठीत दुखणं हे एकत्र आलं की तो माणूस त्या शंभरातला नेहमीचा राहत नाही, अशा वेळी डायबेटिस हाच कधीकधी आतल्या गाठीचा पहिला निरोप असतो. गाठच असेल असं मी म्हणत नाही. जुनी पॅन्क्रियाजची सूज असू शकते, नळीत खडे असू शकतात (केरळात तर खड्यांमुळे होणारा डायबेटिस वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि तोही वजन उतरवतो), किंवा नुसती खूप वाढलेली शुगरही वजन उतरवते. पण कोणतं ते बघितल्याशिवाय कळणार नाही.

कॉन्ट्रास्ट इथे खरा उपयोगी पडतो. निरोगी पॅन्क्रियाजला रक्तपुरवठा भरपूर, औषध शिरेत गेल्यावर चाळीसएक सेकंदांत ते झगझगीत उजळतं, आणि कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा घट्ट, दोऱ्यांसारख्या ऊतींची आणि कमी रक्ताची असते म्हणून त्या उजेडात ती काळपट राहते. कॉन्ट्रास्टशिवाय दोन सेंटिमीटरची गाठ सहज नजरेतून सुटते, म्हणून पैसे वाचवायला साधा स्कॅन करून आणू नका. बहुतेक ठिकाणी आधी सीटी करतात, पॅन्क्रियाजच्या खास प्रोटोकॉलने, आणि ते बरोबर आहे. नळी नीट बघायची असेल किंवा सीटीत शंका राहिली तर एमआरआय. सीटीचा कॉन्ट्रास्ट आयोडीनचा असतो, तेव्हा क्रिएटिनिन करून घ्या आणि वडील मेटफॉर्मिन घेत असतील तर तिथल्या डॉक्टरांना सांगा. किडनी फारच कमी असेल तर ती दोन दिवस थांबवतात आणि मग सुरू करतात.

डोळे किंवा लघवी पिवळी व्हायला लागली, अंगाला खाज सुटली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा. नाहीतर याच आठवड्यात. नातेवाईकांना माझं नाव सांगा, त्यांनी मला फोन केला तरी चालेल, मासिकाच्या ऑफिसात माझा नंबर ठेवलाय. स्कॅन झाला की नुसता रिपोर्टचा कागद घेऊन घरी जाऊ नका, सीडीसुद्धा मागून घ्या, पुढे सर्जनला दाखवायची वेळ आली तर त्यांना कागदापेक्षा ती लागते.